यंत्र बदला, माणूस नको : गिरणीतल्या धोट्यापासून एमआयडीसीतल्या प्रेसपर्यंत

दर १४ एप्रिलला आणि १ मेला आपल्या ग्रुपवर एक संदेश हमखास फिरतो. बाबासाहेबांनी १९४२ साली कामाचे तास १४ वरून ८ केले, म्हणून आज तुम्ही आठ तास काम करता, असा तो संदेश. मागच्या वर्षी हा संदेश मला पाठवणारा पोरगा आमच्याच वस्तीतला. संदेश पाठवला त्या दिवशी तो स्वतः बारा तासांच्या पाळीत होता. ठेकेदाराकडचा कामगार. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका शेडमध्ये पॉवर प्रेस चालवायचा. दोन महिन्यांनी त्याच प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. दवाखान्यात भेटायला गेलो तर म्हणाला, "दादा, माझीच चूक झाली. झोप लागत होती."

माझीच चूक झाली! हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ज्याची बोटे गेली, तोच गुन्हा कबूल करतो. हे त्याला कुणी शिकवले? हा लेख त्या पोरासाठी आणि त्याच्यासारख्या हजारो पोरांसाठी आहे. बाबासाहेब आणि कामगार या विषयावर आपण तासांचा हिशोब सांगून थांबतो. पण कामाच्या जागी होणाऱ्या इजेचा, आजाराचा आणि मृत्यूचा जातीशी काय संबंध आहे, हा प्रश्न आपल्या चळवळीने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणीत उभा केला होता. तो इतिहास आपल्याच पोरांना माहीत नाही.

आधी संदेश दुरुस्त करू

मित्रांनो, बाबासाहेबांचे मोठेपण सिद्ध करायला चुकीचे आकडे लागत नाहीत. उलट चुकीचा आकडा सापडला की विरोधक सगळेच खोटे ठरवतो. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला ५४ तासांची आणि दिवसाला १० तासांची मर्यादा आधीच होती. म्हणजे १४ तासांची कायदेशीर पाळी १९४२ साली नव्हती. बाबासाहेब जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सभासद होते. त्या खात्याने आणलेल्या आणि १९४६ साली मंजूर झालेल्या दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. सहा दिवसांनी भागले तर दिवसाला आठ. ही खरी गोष्ट आहे आणि ती पुरेशी मोठी आहे.

कामाचे तास हा सुरक्षेचाच भाग आहे. अकराव्या-बाराव्या तासाला हात जड होतो, डोळा लागतो आणि यंत्र मात्र त्याच वेगाने चालते. आमच्या पोराची बोटे गेली ती झोपेने नाही, बाराव्या तासाने गेली. पण तास कमी केले तरी यंत्राचा दात तसाच राहतो. म्हणून आता यंत्राकडे वळू. आणि सुरुवात करू एका साध्या लाकडी वस्तूपासून.

धोटा

माझे आजोबा गिरणीत होते, रिंगखात्यात. आयुष्यभर सूत काढले, पण मागावर बसले नाहीत. लहानपणी मी विचारले होते की आजोबा, तुम्ही कापड का विणत नव्हता? ते हसून म्हणायचे, "आमचं तोंड चालत नव्हतं." तेव्हा मला वाटायचे की ते चेष्टा करतात. अर्थ फार नंतर कळला.

मागावर आडवा धागा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो तो धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की विणकर माग थांबवतो, नवी कांडी घालतो आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढतो. जुन्या धोट्यात हे टोक काढायची एकच झटपट रीत होती. भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. धागा तोंडात येतो. असे पाळीत शेकडो वेळा. त्याबरोबर तोंडात जाई सुताची धूळ, खळीची पूड, रंगीत सूत असेल तर रंग. आणि एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागे. दिवसपाळीचा, रात्रपाळीचा, बदलीवाल्याचा. चाळीच्या एका खोलीत दहा-दहा माणसे राहत आणि क्षयाने घरेच्या घरे बसत, अशा काळात थुंकी एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात नेणारी ही वस्तू होती. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या विणकरांत या रीतीला 'धोट्याचे चुंबन' म्हणत, आणि पुढे लोक तिला मृत्यूचे चुंबनही म्हणू लागले.

आता मुंबईत काय झाले ते पाहा. विणकामखात्यात मुख्यतः मराठा-कुणबी आणि मुसलमान विणकर. तिथला पगार कातणखात्यापेक्षा बराच जास्त. महार आणि इतर अस्पृश्य कामगारांना तिथे प्रवेश नाही. त्यांनी रिंगखात्यात राहायचे, कमी पगारावर. कारण काय दिले जाई? धोटा. अस्पृश्याने ओठ लावलेल्या धोट्याला स्पृश्य विणकर ओठ कसा लावणार?

थांबून विचार करा. एका वस्तूत दोन दोष होते. एक दोष शरीराचा, कारण ती आजार पसरवत होती. दुसरा दोष समाजाचा, कारण ती विटाळाचे निमित्त झाली होती. क्षयी माणसाची थुंकी चालत होती, निरोगी महाराची चालत नव्हती. जो धोका डॉक्टरला दिसतो तो कुणाला दिसला नाही, आणि जो धोका मनुस्मृतीला दिसतो तो सगळ्यांना दिसला.

उपाय होता की नव्हता?

काही मंडळी म्हणतील, तो काळच तसा होता, यंत्रच तसे होते. नाही. यंत्र तसे नव्हते. हाताने धागा ओवता येईल असे, खाच असलेले धोटे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तयार झाले होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १८९० च्या दशकात नॉर्थ्रॉप माग बाजारात आला. तो संपलेली कांडी आपोआप बदलायचा आणि धागाही आपोआप ओवायचा. त्याच मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली तोंडाने ओढायच्या धोट्यावर कायद्याने बंदी घातली. इंग्लंडला हे करायला १९५२ साल उजाडले, कारण तिथल्या मालकांना नव्या धोट्यांचा खर्च नको होता, आणि तुकड्यावर मजुरी घेणाऱ्या विणकरांनाही तोंडाची रीत जलद वाटे.

म्हणजे मुंबईत हा वाद चालू होता तेव्हा उपाय जगात उपलब्ध होता आणि तो होता एक लाकडी वस्तू बदलणे. धोटा बदलला असता तर थुंकीचा आजारही थांबला असता आणि विटाळाचे निमित्तही संपले असते. एका दगडात दोन पक्षी. पण झाले काय? धोटा तसाच ठेवला आणि माणूस बाहेर काढला. यंत्राचा दोष माणसाच्या अंगावर टाकला.

इथे एक आक्षेप येतो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. आपले डावे मित्र म्हणतात की विटाळ हे वरवरचे कारण होते, खरे कारण चांगल्या पगाराच्या जागा राखायचे होते. मी म्हणतो, अगदी बरोबर. पण त्याने आमचा मुद्दा पडत नाही, पक्का होतो. जात म्हणजे केवळ मनातली शिवाशिव नाही. कुणाला चांगली जागा, कुणाला वाईट, कुणाच्या वाट्याला किती धूळ, हे ठरवणारी ती व्यवस्था आहे. जातिव्यवस्था कामाचीच नव्हे, कामगारांचीही वाटणी करते, असे बाबासाहेब मांडत होते ते हेच. त्या वाटणीत धोक्याचीही वाटणी आली.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे. धोटा घातक होता, मग त्यापासून दूर ठेवल्याने अस्पृश्यांचा फायदाच झाला ना? हे म्हणणाऱ्याने गिरणी पाहिलेली नाही. कापूस फोडणाऱ्या ब्लोरूमपासून कार्डिंगमधून रिंगखात्यापर्यंत हवेत तरंगते ती कापसाची बारीक धूळ. वर्षानुवर्षे ती छातीत गेली की बिसिनोसिस होतो. या रोगाची खूण अशी की सुटीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळते, श्वास अडतो, आणि आठवडा सरकेल तसे बरे वाटते. पुढे पुढे मग सगळेच दिवस सोमवार होतात. आजोबांची सोमवारची धाप मला आठवते. आम्ही तिला दमा म्हणायचो. एका धोक्यातून हाकलणे म्हणजे सुरक्षा नव्हे. दुसऱ्या धोक्यात, आणि कमी पगारात ढकलणे होते ते.

१९२८ : संपात उभा राहिलेला प्रश्न

एप्रिल १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार, सहा महिने. मालकांना एका विणकराकडे जास्त माग द्यायचे होते, कातणखात्यातही माणसे कमी करायची होती. मागण्यांची यादी तयार झाली. बाबासाहेब तेव्हा परळच्या चाळीत राहत होते. गिरणी कामगार हा त्यांच्यासाठी पुस्तकातला विषय नव्हता, शेजारी होता. त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारले की विणकामखात्यात आमच्या माणसांना बंदी आहे, ती उठवण्याची मागणी यादीत का नाही? ती घेतली नाही तर आमच्या लोकांना संपात येऊ नका म्हणून सांगावे लागेल, असे त्यांनी बजावले. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी घेतली.

मालकांपुढे ती मागणी गेली तेव्हा मालक हसले, असे बाबासाहेबांनीच पुढे सांगितले आहे. मालकांचे म्हणणे होते की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही, तुमच्याच कामगारांनी केला आहे. मालकांचे हसणे खरे होते आणि खोटेही. खरे अशासाठी की स्पृश्य कामगारांनीच दार अडवले होते. खोटे अशासाठी की धोटा कोणता घ्यायचा हे कामगार ठरवत नव्हता. खरेदी मालकाची होती. कारखाना मालकाचा, यंत्र मालकाचे, मग यंत्रातला दोष कामगाराचा कसा?

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. धोट्याची गोष्ट कळली की हे दोन शत्रू वेगवेगळे उभे नसतात हे समजते. भांडवलशाही धोटा बदलण्याचा खर्च वाचवते आणि ब्राह्मणशाही त्या वाचवलेल्या खर्चाची किंमत कुणी मोजायची ते सांगते. दोघी एकाच मागावर विणतात.

लोखंडे यांनी आधीच सांगितले होते

हा धागा बाबासाहेबांच्याही मागे जातो. पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्याच्यासाठी सोराबजी शापूरजी बंगाली यांनी मुंबईत आवाज उठवला होता. लँकेशायरच्या मालकांनाही तो कायदा हवा होता, कारण इकडच्या स्वस्त मजुरीची त्यांना भीती होती. आणि या कारणावरून तेव्हाच्या बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी त्याला विरोध केला. देशी उद्योग वाचला पाहिजे म्हणे! उद्योग वाचला पाहिजे, पण त्यात सात वर्षांच्या पोराचा हात वाचला पाहिजे की नाही? त्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना बंदी केली, धोकादायक यंत्राला कुंपण घालायला सांगितले, पण प्रौढ कामगाराच्या तासांना हात लावला नाही.

सप्टेंबर १८८४ मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांना एकत्र केले आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी आयोगापुढे ठेवले. आपल्याला त्यातली रविवारच्या सुटीची मागणी माहीत आहे, ती १० जून १८९० ला मान्य झाली. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या आणि कायमचा पांगळा झाला तर त्याच्या पोटाची सोय करा. या मागणीला कायद्याचे रूप यायला १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा यावा लागला. एकोणचाळीस वर्षे! तोवर किती हात गेले असतील, त्यांचा हिशोब कोण देणार?

श्रमखात्यातली चार वर्षे

बाबासाहेब श्रमखात्यात आले तेव्हा महायुद्ध चालू होते. उत्पादन वाढवा, बाकी नंतर पाहू, असा तो काळ. त्या काळात त्यांच्या खात्याने केलेली कामे ओळीने मांडली तर एक पद्धत दिसते.

आधी माहिती. १९४४ साली द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली श्रम चौकशी समिती नेमली गेली. तिने देशभरातल्या उद्योगांत जाऊन मजुरी, घरे, कामाची स्थिती यांची पाहणी केली. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब स्वतः धनबादच्या कोळसा खाणीत उतरले, आणि पुढच्याच महिन्यात कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. मग विमा. प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली, त्यांचा अहवाल १९४४ साली आला आणि त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. मग तज्ज्ञ यंत्रणा. १९४५ साली केंद्रात कारखान्यांविषयीच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय सुरू झाले. मुंबईत सायनला असलेली केंद्रीय श्रम संस्था ही पुढे त्याच यंत्रणेची झाली. आणि १९४६ साली तासांची दुरुस्ती.

पद्धत काय? पाहणी, कायदा, विमा, तपासणी. कुठेही दया नाही, दान नाही. मालकाने मन मोठे करावे ही विनंती नाही. १९४८ चा फॅक्टरी कायदा झाला तेव्हा श्रममंत्री बाबू जगजीवनराम होते, बाबासाहेब कायदामंत्री होते. हेही नीट सांगावे, श्रेयासाठी इतिहास वाकवू नये. त्या कायद्यात यंत्राला कुंपण, धुळीचा निचरा, विषारी वायू असलेल्या टाकीत उतरण्याचे नियम, आग, पिण्याचे पाणी हे सगळे आले. संविधानाच्या ३९ व्या आणि ४२ व्या अनुच्छेदांत कामगाराच्या आरोग्याचा गैरवापर होऊ नये आणि कामाची स्थिती न्याय्य व माणुसकीची असावी, हे राज्याचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले.

तरीही २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र आली. भोपाळ. हजारो माणसे मेली, त्यात बहुतेक कारखान्याच्या भिंतीलगतच्या गरीब वस्त्यांतली. त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे नवे प्रकरण घातले गेले. कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क, सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी, जिवाला तातडीचा धोका दिसला तर तो कळवण्याचा हक्क. आपल्याकडे सुरक्षेचा कायदा बहुधा प्रेतावर उभा राहून लिहिला जातो. लिहिला गेल्यावर तो विसरला जातो.

आजचा धोटा

आता या. गिरण्या गेल्या, तिथे मॉल उभे राहिले. आपली पोरे एमआयडीसीत गेली. आज विणकामखात्याच्या दारावर कुणी जात विचारत नाही. पण कायम कामगार कोण आणि ठेकेदाराचा कोण, हे पाहा. कॉम्प्युटरच्या मशीनवर कोण आणि जुन्या प्रेसवर कोण, हे पाहा. कारखान्याच्या सांडपाण्याची टाकी साफ करायला कोणत्या वस्तीतून माणसे आणली जातात, हे पाहा. हाताने मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले. गटारात मेलेल्याच्या वारसांना ३० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. तरी टाकीत माणूस उतरतोच. मशीन महाग पडते म्हणे. हाच आजचा धोटा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ चा फॅक्टरी कायदा जाऊन त्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात वार्षिक मोफत आरोग्य तपासणी, नेमणूकपत्र अशा चांगल्या गोष्टी आहेत, त्या वापरा. पण 'कारखाना' कशाला म्हणायचे याची रेषा सरकली आहे. जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेला १० कामगार पुरत, आता २० लागतात. विजेशिवाय २० होते, आता ४०. दहा कामगारांच्या आस्थापनेला संहितेची सर्वसाधारण कर्तव्ये लागू आहेत, पण खास कारखान्यासाठीच्या तरतुदींबाहेर छोट्या शेड गेल्या. आणि बोटे जातात ती बहुधा छोट्या शेडमध्येच.

मग करायचे काय?

सुरक्षाशास्त्रात धोका कमी करण्याचा एक क्रम मानला जातो. तो मी धोट्यावरून सांगतो, म्हणजे लक्षात राहील.

पहिले, धोका मुळातच काढून टाका. आपोआप धागा ओवणारा माग आणा. दुसरे, ते जमत नसेल तर कमी धोक्याची वस्तू वापरा. खाचेचा धोटा घ्या. तिसरे, धोका आणि माणूस यांच्यात आडोसा घाला. धूळ ओढणारी यंत्रणा, यंत्राला गार्ड. चौथे, कामाची रीत बदला. तास कमी, पाळीत विश्रांती, प्रशिक्षण, ज्याचा धोटा त्यालाच. पाचवे आणि शेवटचे, हातमोजे, मास्क, हेल्मेट. आपल्याकडे गाडी उलटी चालते. मालक मास्क देतो, सही घेतो, पोस्टर लावतो आणि संपले. लक्षात घ्या, माणसाची जात बदला किंवा माणूस बदला, असा उपाय या पाचांत कुठेच नाही.

पॉवर प्रेसवर हाच क्रम लावा. दोन बटणांची प्रेस असली तर दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय ठोका पडत नाही. प्रकाशाचा सेन्सर असला तर हात आत जाताच प्रेस थांबते. डायपुढे पक्का गार्ड, माल ठेवायला चिमटा किंवा चुंबक. डाय बसवताना वीज बंद आणि आधाराचा ठोकळा मध्ये. यातले काहीही चंद्रावरून आणायचे नाही. आमच्या पोराच्या प्रेसला पायाचा पेडल होता, सेन्सर काढून ठेवला होता, कारण त्याने उत्पादन मंदावते. मग सांगा, चूक कुणाची?

टाकीसाठी नियम आणखी सोपा. मशीनने होणारे काम माणसाने करायचे नाही. कारखान्याच्या टाकीत उतरणे अटळच असेल तर हवेतला प्राणवायू आणि विषारी वायू मोजल्याशिवाय, हवा खेळवल्याशिवाय, लेखी परवान्याशिवाय, दोर आणि पट्ट्याशिवाय, बाहेर माणूस उभा केल्याशिवाय नाही. आणि आत कुणी पडला तर श्वसनयंत्राशिवाय मागोमाग उडी घ्यायची नाही. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे याच चुकीने जातात.

आता चळवळ म्हणून आपण काय करू शकतो? मला सुचते ते असे.

१. आपल्या वस्तीतला कोण कुठे, कोणत्या यंत्रावर, किती तास काम करतो याची वही करा. बोट गेले, चटका बसला, दम लागला, सगळे तारखेसह लिहा. रेगे समितीने देशाची पाहणी केली, आपण एका वस्तीची करू शकत नाही का?

२. कामावर लागताच नेमणूकपत्र आणि ईएसआय क्रमांक मागा. पगार मर्यादेत असेल तर ईएसआय पहिल्या दिवसापासून लागू होते. अपघातानंतर घाईने कार्ड काढण्याचे प्रकार होतात, तेव्हा तारीख तपासा.

३. अपघात झाला की यंत्राचा फोटो, गार्ड होता का, सेन्सर चालू होता का, कितवा तास होता, साक्षीदार कोण, हे त्याच दिवशी टिपा. कोऱ्या कागदावर सही नको. दवाखान्यात 'घरी पडलो' असे सांगू नका.

४. कामगाराने मुद्दाम गार्ड काढला, असा बचाव मालक हमखास घेतो. नुकसानभरपाईच्या कायद्यात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर हा बचाव चालत नाही. इतर वेळी तो खोडायला वरच्या नोंदी लागतात.

५. सुरक्षा समिती असेल तर तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. ठेकेदाराच्या कामगाराचाही माणूस तिथे असावा, यासाठी युनियनकडे आग्रह धरा. १९२८ साली बाबासाहेबांनी मागणी यादीत घालायला लावली, तसा.

६. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. एकट्याने नको, संघटनेच्या नावाने करा, म्हणजे एकट्याची नोकरी जाणार नाही.

७. जयंतीच्या वर्गणीतून एक दिवस आरोग्य तपासणीला ठेवा. धुळीत काम करणाऱ्यांची फुप्फुसाची तपासणी करून घ्या. डीजेचा एक तास कमी झाला तर बाबासाहेब रागावणार नाहीत.

त्या पोराला मी धोट्याची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे दादा, आजोबांच्या वेळी पण मशीनच खराब होतं?" मी म्हटले, हो. मशीन खराब होते आणि शिक्षा माणसाला होती. आता त्याचा भरपाईचा अर्ज गेला आहे. अर्जात त्याने 'माझी चूक' असे लिहिलेले नाही. सेन्सर बंद होता, पाळी बारा तासांची होती, असे लिहिले आहे. तारीख, वेळ आणि साक्षीदारासह.

पुढच्या १४ एप्रिलला संदेश फिरवायचा असेल तर आकडा बरोबर टाका, ५४ वरून ४८. आणि खाली एक ओळ जोडा : तुझ्या मशीनला गार्ड आहे का?

जय भीम!